माहेर चुकवून मठांकडे

समस्त कुवेतवासी मराठी जनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ईदची सुट्टी आपल्या मालकीची नसते. ती माहेरची असते, सासरची असते, चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीची असते, आईच्या मोतीबिंदूची आणि बाबांच्या अडकलेल्या बँकखात्याची असते. कंपनीच्या कागदावर ती आपल्या नावाने लागते, एवढाच तिचा आपला संबंध. या सुट्टीत मुंबईचं विमान सोडून जो दुसऱ्या कुठल्या विमानात पाय ठेवील, त्याला कायद्याने शिक्षा नाही. शिक्षा तो आपली आपणच बरोबर घेऊन जातो, हातातल्या सामानात. प्रस्तुत निवेदन करणारी बाई या गुन्ह्यातली मुख्य आरोपी असून, गुन्हा आठवला की तिला आधी हसू येतं आणि मग त्या हसण्याची लाज वाटते, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

हे सगळं आज सुचायचं कारण म्हणजे खिडकीतून समुद्र दिसत नाहीये. कुवेतच्या शर्क भागातल्या आमच्या ऑफिसला समुद्र फुकट मिळालेला आहे, पण धुळीचे दिवस सुरू झाले की तो बेपत्ता होतो. आभाळावर कुणी हळदीचं पाणी सांडल्यासारखं दिसतं, दातांखाली बारीक रेती करकरते, पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या होतात. गेली काही वर्षं ईदही याच सुमाराला येते आहे. कामं मंदावतात, खजुराचे डबे टेबलांवरून फिरतात आणि आमचा मंदूब, म्हणजे कंपनीचे सरकारी कागद घेऊन दिवसभर या खात्यातून त्या खात्यात हिंडणारा अबू सालेम, प्रत्येक भारतीय माणसाच्या टेबलापाशी थांबून म्हणतो, "मुंबई?" मल्याळी असेल तर "केरला?" हा प्रश्न नसतो, नुसती खातरजमा असते. गुन्ह्याच्या वर्षी मी म्हटलं, "नाही, अथेन्स." अबू सालेमने छातीवर हात ठेवला आणि आवाज उतरवून विचारलं, "घरी सगळे ठीक आहेत ना, सिस्टर?"

त्याचं चुकलं नव्हतं. घरी न जाणारा माणूस म्हणजे घरी काहीतरी बिनसलेला माणूस, हा इथला सरळ हिशेब आहे. कुवेतमधल्या कुठल्याही मराठी घरात जा, पलंगाच्या खाली नाहीतर कपाटाच्या आड एक बॅग कायम उघडी असते. तिच्यात वर्षभर काही ना काही पडत राहतं. बदाम, केशराची डबी, सवलतीत मिळालेला साबण, दुधाच्या पावडरीचा डबा, कुणासाठी ते अजून न ठरलेलं अत्तर. ती बॅग म्हणजे आमच्या घरातलं एक माणूसच. येता-जाता तिच्याकडे बघायचं आणि मनात म्हणायचं, थांब, येतेच आहे.

शैलाची बॅग आमच्या सगळ्यांच्या बॅगांची राणी होती. शैला म्हणजे माझी मैत्रीण, इथल्या एका इस्पितळात नर्स, मूळची चिपळूणकडची. तिचा नवरा तेलाच्या कारखान्यात पाळीवर असतो, त्यामुळे ईदला ती एकटीच आईकडे जायची. वडील गेल्यापासून एकही ईद तिने चुकवली नव्हती. आई तिकडे घरात एकटी. शैला येणार म्हटलं की गाद्या उन्हात पडायच्या, जांभ्याच्या पायऱ्या घासून लाल व्हायच्या, तांदूळ निवडले जायचे, तिसऱ्यांची ऑर्डर आठवडाभर आधी कोळणीकडे जायची. शैला पोचली की अख्खी वाडी रक्तदाब तपासून घ्यायला ओटीवर हजर, आणि येणाऱ्या प्रत्येकाला आई चहा करून देणार. रात्रीच्या जेवणाला आत्या, मावशा, त्यांच्या सुना. "नीले, आई वर्षभर फक्त त्या दिवसांसाठी जगते गो," असं शैला मला सांगायची. सांगताना तिचे डोळे भरून यायचे आणि माझेही.

अशा मुलीला मी बिघडवलं. म्हणजे मी आणि मेधाने. मेधा शैलाच्याच इस्पितळात लॅब टेक्निशियन, पुण्याची, त्यामुळे तिला अपराधी वाटणं हा वेळेचा अपव्यय वाटतो. तिने कुठल्याशा कॅलेंडरवर एक चित्र पाहिलं होतं: आभाळात उभे राहिलेले खडकांचे सुळके आणि त्यांच्या टाळूवर लाल कौलांचे मठ. ग्रीसमध्ये आहेत म्हणे. ते पान तिने फाडून आणलं आणि अर्दियातल्या शैलाच्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलं.

"हे बघून मगच मरायचं," मेधा म्हणाली. "आणि गुडघे बघता लवकर बघितलेलं बरं."

"ईदला?" शैलाच्या हातातली कणीक हातातच राहिली. "ईदला मी आईकडे असते."

"दर वर्षी असतेस. आईला पाठ झाली असशील तू."

शैलाने कणकेचा हात पुसला. ती त्या चित्राकडे बघत होती. तिला जायचं होतं, हे मला दिसलं. ज्या बाईने इतक्या वर्षांत विमानतळ आणि माहेर यांच्या मधलं काही पाहिलं नाही, तिला एकदा जायचं होतं. तिथे मी शहाणपणाने गप्प बसायला हवं होतं. पण मला नाटकं रचायची खोड आहे. मी म्हटलं, "आईला सांग, ड्युटी लागली."

"खोटं सांगू?"

"खोटं कुठे? ड्युटी तर तुला लागतेच. कधी, ते फक्त सांगायचं नाही."

शैलाने फोन लावला. मी शेजारी उभी राहून ओठ हलवत तिला एकेक वाक्य पुरवत होते, प्रॉम्प्टरसारखी. ईदला स्टाफ कमी आहे. मेट्रन ऐकत नाही. पुढच्या वेळी जास्त दिवस येईन. मग आई म्हणाली, "बरं हो. आजाऱ्यांचं करणं म्हणजे देवाचंच करणं. तू माझी काळजी करू नकोस." आणि फोन ठेवला.

शैलाने फोन ओट्यावर ठेवला. "एवढ्या लगेच 'बरं' म्हणाली," ती म्हणाली. "म्हणजे केवढी दुखावली असेल." मग आतल्या खोलीत गेली आणि तिने बॅगेचं झाकण मिटलं. त्या चेनचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. हिंडताना, जेवताना, हसताना, तो मला अजूनही मधेच ऐकू येतो.

वाळवंटातून गेलेल्या माणसाला हिरवा रंग दाखवणं हेच मुळात अन्यायाचं आहे. अथेन्सहून पहाटे एका छोट्या गाडीने निघालो, आणि उजाडल्यावर दोन्ही बाजूंना जे काही हिरवं पसरलं, त्यासाठी आम्ही तिघींनी काचांना नाकं लावली. शेतांच्या बांधांवर लाल खसखशीची फुलं कुणी मूठमूठ उधळल्यासारखी. गाडीची काच खाली केली तर ओल्या गवताचा वास. कुवेतमध्ये आपण हवा फिल्टर बदलून घेतो. इथे ती नुसती आत येत होती. ड्रायव्हर योर्गोस, पन्नाशीचा, मिशाळ, मोडक्या इंग्रजीत अखंड बोलणारा. त्याने विचारलं, "तुमच्याकडे वसंत कसा असतो?" मेधा म्हणाली, "पिवळा. आणि गिळावा लागतो."

मी नाशिककडची. मनमाडच्या बाजूला अंगठा वर करून उभा असलेला सुळका लहानपणापासून पाहिलेला. त्यामुळे खडकांचं मला फार कौतुक नाही, असं मी गाडीत दोनदा बजावलं होतं. गाडीने एक वळण घेतलं आणि समोर ते उभे राहिले. करडे, गुळगुळीत, पावसाच्या धारांनी उभ्या रेघा ओढलेले, कुठल्याशा राक्षसाने आपली मोठाली भांडी पालथी घालून ठेवावीत तसे. आणि त्यांच्या माथ्यावर, जिथे कावळाही विचार करून बसेल, तिथे माणसांनी घरं बांधलेली. गॅलऱ्या, कौलं, घंटा, सगळं. मी म्हटलं, "मनमाडने हात टेकले."

"पूर्वी पायऱ्या नव्हत्या," योर्गोस सांगत होता. "साधूंना जाळ्यात बसवून दोराने वर ओढायचे. दोर कधी बदलायचे माहीत आहे? तुटला की."

शैला हसली नाही. ती त्या उंच गॅलरीकडे बघून पुटपुटली, "आणि त्यांच्या आया खाली उभ्या असतील."

पहिल्या मठाच्या दारात आमची वेशभूषा नापास झाली. पँट घातलेल्या बायकांना आत जायला मनाई. खुंटीवर लटकलेले घोळदार स्कर्ट गुंडाळायचे. मेधाच्या वाट्याला जांभळा आला, माझ्या वाट्याला पडद्याच्या कापडाचा. शैलाने फुलाफुलांचा बांधला आणि एकदम परकरातली पोरगी दिसायला लागली. मी तिला तसं म्हटलं. मग लगेच जीभ चावली, कारण तिला परकरात कुणी पाहिलं होतं, हे तिला आठवलं आणि मलाही.

आत काळोख, मेणाचा आणि धुपाचा वास, आणि भिंतीभर चित्रं. मी देवळात शांत वाटेल म्हणून गेले होते. पण तिथल्या पुढच्या दालनात संतांचे हालहाल रंगवले आहेत, अगदी निगुतीने. कुणाला भाजताहेत, कुणाचं मुंडकं उडतंय, कुणाची सालं काढताहेत. आणि ते सगळे संत शांत, आपल्याकडे रोखून बघणारे. अपराधी माणसाने तिथे जाऊच नये.

मेधा शैलाच्या कानाशी लागली. "हा बघ कढईतला. हा नक्की आईला ड्युटी सांगून आलेला."

"मेधा, गप."

"आणि हा चाकावरचा, त्याला शिकवणारा. हा नीलिमा."

मला हसू फुटलं. एका काळ्या झग्यातल्या दाढीवाल्या साधूने आमच्याकडे पाहिलं. मी हसू गिळलं आणि ते पोटात जाऊन दुखायला लागलं. शैला तेवढ्यात पितळी परातीतल्या वाळूत एक बारीक मेणबत्ती खोचून उभी होती. दुसऱ्या मठात तिने आणखी एक लावली. तिसऱ्यात पुन्हा. पायऱ्या चढून आमचे गुडघे बोलत होते, पण ती आधी मेणबत्ती, मग पाणी. शेवटी योर्गोसने टोपी काढली आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "तुमच्या मैत्रिणीचं कोण गेलं?"

उत्तर मेधाने दिलं. "तिची रजा," ती म्हणाली.

खरं सांगू का, मला मजा येत होती, हेच मोठं दुखणं होतं. नाशिकला जाते तेव्हा पहिला दिवस गळ्यात पडण्यात जातो, दुसरा झोपण्यात, तिसऱ्या दिवशी दाताचा डॉक्टर, चौथ्या दिवशी बँक, आणि मग निघायची घाई. जाऊन काय केलं, असं विचारलं तर सांगता येत नाही. तरी जायचं. जाणं हेच काम. आणि इथे मी एका दगडी कठड्यावर पाय सोडून बसले होते, मेधाच्या आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात, खाली दरीत पाकोळ्या आपल्यापेक्षा खालून उडत होत्या, आणि मला कुणासाठी काहीही करायचं नव्हतं. एवढं साधं सुख. पण मधेच वाटत होतं, हे कुणाच्या तरी ताटातलं उचललं आहे. आजही खिडकीबाहेरच्या या पिवळ्या आभाळाकडे बघताना मला त्या कठड्याची आठवण येते आणि वाटतं, एवढं सुख वाटण्याइतकं आपण काय केलं होतं? आणि लगेच वाटतं, नव्हतं केलं तर काय बिघडलं?

तिथे कठड्यावर असताना शैलाने घरी फोन लावला. नुसता आवाज ऐकायचा होता तिला. आईने उचलला नाही. "जेवून पडली असेल," मी म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा लावला. वाजून वाजून बंद. मोबाइल झाला, घरातला फोन झाला. मग शेजारच्या सुमनकाकूंना लावला. त्यांच्याकडे घराची किल्ली असते. सुमनकाकूही उचलेनात.

"सुमनकाकू कधीच फोन सोडत नाही," शैला म्हणाली. तिच्या हातातली दशमी तशीच होती. "ती आईला घेऊन दवाखान्यात गेली असेल."

"अगं, रेंज नसेल."

"दोघींची नसेल? मेधा, माझी आई एकटी आहे तिकडे. पडली असेल. मी असते तर..." आणि पुढचं वाक्य तिने माझ्याकडे न बघता म्हटलं. "मी तिथेच असणार होते."

माझ्याकडे प्रत्येक प्रसंगाला एक वाक्य असतं. त्या दिवशी नव्हतं. कठड्यापाशी मी नुसती उभी होते, आणि डोळ्यांसमोर एक बाई लाल पायऱ्यांवर पडलेली दिसत होती. त्या बाईला 'ड्युटी लागली' हे वाक्य मी लिहून दिलं होतं, ओठ हलवून, मजेत. मेधाने, त्या पाषाणहृदयी पुणेकरणीने, न बोलता फोन काढला आणि अथेन्सहून मुंबईला आज रात्री काय आहे ते बघायला लागली. तेव्हा मी खरी घाबरले. मेधा चेष्टा सोडून कामाला लागली म्हणजे परिस्थिती गंभीर.

शेवटचा मठ जोगिणींचा होता. तिथे पायऱ्या नाहीत, एका छोट्या पुलावरून सरळ आत जाता येतं. शैलाला आत यायचं नव्हतं. मी हाताला धरून नेलं, कारण बाहेर उन्हात तिला बसवायचं कसं. आत अंगण इतकं नीटनेटकं की पाऊल जपून टाकावं. गुलाबांची आळी, एक झोपलेलं मांजर, झाडणारी एक तरुण जोगीण. शांतता तर अशी, की आपल्याच श्वासाची लाज वाटावी. एका म्हाताऱ्या जोगिणीने शैलाचा चेहरा पाहिला, काही विचारलं नाही, आणि पिठीसाखरेत घोळलेल्या गुलाबी वड्या आणि पाण्याचा पेला तिच्यापुढे धरला. शैलाने वडी हातात घेतली. खाल्ली नाही. दुसऱ्या हाताने पुन्हा फोन लावला.

आणि तो लागला.

वारा होता म्हणून तिने स्पीकर सुरू केला. त्याबरोबर त्या पवित्र अंगणात ढोल, कर्णे आणि कुणाच्या तरी किंचाळण्याचा असा काही दणका उसळला की मांजर उठून पळालं. तरुण जोगिणीच्या हातातला झाडू थांबला.

"हॅलो! कोण?"

"आई!" शैला ओरडली. "आई, तू बरी आहेस ना? कुठे आहेस तू? कसला आवाज आहे?"

"कोण, शैले? मोठ्याने बोल गो! बोटीवर काही ऐकू येत नाही!"

"बोटीवर?"

"मांडवीत! गोव्याला आल्ये मी, सुमन नि आम्ही सगळ्या! फोन पिशवीत होता. ही सुमन बघ, नाचत्ये!"

शैला मटकन खाली बसली, गुलाबांच्या आळ्याच्या काठावर. आता ती हसेल असं मला वाटलं. पण तिला रडू फुटलं, सकाळपासून साठवलेलं, मोठ्याने, त्या सगळ्या जोगिणींदेखत. आणि रडता रडता तिने एका दमात सगळं ओकून टाकलं. आई, मला ड्युटी नव्हती. मी खोटं बोलले. मी ग्रीसला आल्ये, नीलिमाबरोबर, मेधाबरोबर, नुसती फिरायला. तुला तिकडे एकटीला ठेवून मी इथे डोंगर बघत्ये. तू माझी वाट बघत असतेस आणि मी...

पलीकडचे ढोल एकाएकी लांब गेले. आई बहुतेक बोटीच्या कडेला येऊन उभी राहिली असावी. नुसता वारा ऐकू येत होता, तिकडचा आणि इकडचा. म्हातारी जोगीण वड्यांचं तबक धरून तशीच उभी. मला वाटलं, आता शैलाच्या आयुष्यातलं काहीतरी कायमचं मोडणार, आणि ते माझ्या हातून मोडणार. मी डोळे मिटून घेतले.

"अगो, रडतेस काय वेड्यासारखी?" आई म्हणाली. "तू येत नाहीस म्हटल्यावर मी आधी देवापुढे साखर ठेवली!"